पाणी शुद्ध करायच्या टीसीएलची गोणी आराखड्यात का सापडत नाही?

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर कुणालाही उघडून बघता येतो. बघा एकदा. 'वॉर्ड क्र. ३ मध्ये पेव्हर ब्लॉक बसविणे' यासमोर आता ठरवून दिलेल्या नऊपैकी एक संकल्पना निवडलेली दिसेल: पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव. बंदिस्त गटारासमोर 'स्वच्छ व हरित गाव'. व्यायामशाळेच्या साहित्यासमोर 'आरोग्यदायी गाव'. कामं जुनीच, बारसं तेवढं नव्याने झालंय. आणि याला आपण शाश्वत विकास ध्येयांचं स्थानिकीकरण म्हणतो.

खापर एकट्या गावावर फोडता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांत १७ ध्येयं आणि १६९ लक्ष्यं ठरली २०१५ मध्ये, मुदत २०३०. त्याच वर्षी १ जानेवारीला योजना आयोगाच्या जागी नीती आयोग आला. बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ ला संपली, तेरावी आलीच नाही. म्हणजे ध्येयं राष्ट्रीय नियोजनात बसवायची वेळ आली, तेव्हा जुन्या अर्थाने राष्ट्रीय योजनाच उरली नव्हती. नीती आयोग निर्देशांक काढतो, गुण देतो (देशाला २०१८ मध्ये ५७, २०२३-२४ च्या आवृत्तीत ७१), पण तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नाही. लेखी आराखडा, त्याला जोडलेला निधी आणि त्यावर थेट मतदारांची सभा हे तिन्ही एकत्र सापडतं ते ग्रामपंचायतीत. पंचायतराज मंत्रालयाने १७ ध्येयांच्या ९ संकल्पना करून गावाला झेपेल असं रूप दिलं, ते चांगलंच झालं. घोडं पुढे अडतं.

पाण्याचंच घ्या. सहावं ध्येय 'सुरक्षित' पाणी म्हणतं, आपण मोजतो नळजोडण्या. २,००० वस्तीचं गाव धरा. जल जीवन मिशनप्रमाणे माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज १,१०,००० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, धरली तर दिवसाला ५५० ग्रॅम, वर्षाला साधारण २०० किलो. २५ किलोची गोणी दीड महिना जाते, म्हणजे वर्षाच्या आठ गोण्या. पण आठही एप्रिलमध्ये आणून पंपघरात रचल्या तर पावसाळ्यात ओल धरते आणि क्लोरीन उडून जातं. ताज्या पावडरीत ते ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. २० च्या खाली उतरलं की ती पावडर पाण्यासाठी बाद. त्यामुळे खरेदी दर दोन-तीन महिन्यांनी हवी. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची आणि किमान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. होतं काय, तर पावडर तशीच टाकीत ओततात आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का, ते रंगावरून सांगणारी चाचणी) टाकीजवळच्या पहिल्या नळाला घेतात. तिथे पिवळा रंग येणारच! अवशिष्ट क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम हवं ते शेवटच्या घराच्या नळाला.

आता हा एवढा हिशेब आराखड्यात एका ओळीत मावतो. तरी ती ओळ सापडत नाही, कारण टीसीएल हे 'काम' नाही. तिचं अंदाजपत्रक शाखा अभियंत्याकडे जात नाही, तांत्रिक मान्यता लागत नाही, एमबी (मोजमाप पुस्तिका) भरावी लागत नाही, फलक लागत नाही, नारळ फुटत नाही. आराखड्याचा साचा बांधकामाचा आणि ध्येय रोजच्या सेवेचं, हा खरा बेबनाव आहे.

पैशाची सबब इथे चालत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्याच कामांसाठी, ठेवला: ३० टक्के स्वच्छतेला, ३० टक्के पाण्याला. त्या हिशेबाने गावाला समजा १० लाख आले, तर ३ लाख पाण्याचेच. त्यात देखभालही बसते. पोषणाचं मात्र वेगळं. त्याला बंधितात जागा नाही, म्हणून उरलेल्या ४० टक्के अबंधितातून किंवा स्वउत्पन्नातल्या महिला-बालकल्याणाच्या १० टक्क्यांतून वाट काढावी लागते. हे १० टक्के बऱ्याचदा मार्चमध्ये सतरंज्या-खुर्च्यांवर संपतात, तेही अंगणवाडीचा वजनकाटा बिघडलेला असताना.

माझं म्हणणं एवढंच, की क्रम उलटा करा. कामांची यादी नंतर, आकडा आधी. ऑक्टोबरमध्ये आराखडे बनवायची मोहीम सुरू झाली की तीन कागद टेबलावर हवेत. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमधली तीव्र आणि मध्यम कुपोषित बालकांची संख्या. आरोग्य उपकेंद्रातली गरोदर मातांची हिमोग्लोबिनची नोंद, ११ च्या खाली किती आणि ७ च्या खाली किती. आणि पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण, कार्ड लाल (म्हणजे धोक्याचं) मिळालं, पिवळं की हिरवं. मग नऊपैकी एक किंवा फार तर दोन संकल्पना उचला. नऊच्या नऊ घेणारं गाव एकही घेत नाही. प्रत्येक ओळीपुढे 'आज इतके, मार्च अखेर इतके' लिहा. ज्या कामापुढे असा आकडा लिहिता येत नाही, ते यादीत खाली सरकवा. महिला सभा आधी घ्या आणि तिचा ठराव ग्रामसभेत वाचून दाखवा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. तहकूब सभेला तीही लागत नाही, आणि या सवलतीचा फायदा नेमका आराखड्याच्याच सभेला घेतला जातो.

आराखडा निर्देशांकाच्या भरवशावर करू नका. पंचायत प्रगती निर्देशांकाची पहिली आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली, त्यातली माहिती २०२२-२३ ची. तेव्हा निर्देशक होते ४३५. संगणक परिचालकाने शेवटच्या आठवड्यात ते कसे भरले असतील, हे सांगायला नको. तुलनेला ठीक. पण या वर्षीचं कुपोषित मूल या वर्षीच्या वहीतच सापडतं.

उरला जिल्हा. घटनेच्या २४३ झेडडी प्रमाणे जिल्हा नियोजन समितीने गावांचे आणि शहरांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा मसुदा करायचा असतो. प्रत्यक्षात डीपीडीसीत, म्हणजे याच समितीत, खर्चाच्या लेखाशीर्षांवर चर्चा होते आणि गावांचे आराखडे पोर्टलवर पडून राहतात. पंचायत समितीने तालुक्यापुरता एक पानी तक्ता केला, किती गावांनी पाणी निवडलं, किती गावांनी पोषण, कुठे लाल कार्ड आहे, तरी सुरुवात होईल. गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर हे काम चार दिवसांचं आहे. त्याला नवीन जीआर लागत नाही.