देवांचं आजोळच तिकडचं!

'योटुन म्हणजे देवांचे वैरी, अक्राळविक्राळ राक्षस' हे नॉर्स (उत्तर युरोपातल्या जुन्या) पुराणकथांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. अहो, देवांच्या प्रमुखाची, ओडिनची आई बेस्टला योटुनांचीच लेक, म्हणजे देवांचं आजोळच तिकडचं! योटुनांचीच गेर्ड तर इतकी देखणी, की फ्रेयर देवाने तिच्यापायी तलवार देऊन टाकली आणि शेवटच्या लढाईत आगीच्या योटुनासमोर, सुर्टसमोर, तलवारीविना उभा राहिला.

आणि योटुनांची लेक स्काडी कशी विसरलात? देवांनी बापाला मारलं म्हणून ती शस्त्रं घेऊन थेट देवांच्या दारात गेली. भरपाई काय, तर नवरा निवड, पण नुसते पाय बघून! बाल्डर देवाचे समजून देखणे पाय निवडले, निघाला समुद्राचा देव न्योर्ड. पुढे तिला समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटाने झोप येईना, त्याला डोंगरातल्या लांडग्यांचं ओरडणं सोसेना. लेकीला ही गोष्ट सांगितली, तर तिचा पहिला प्रश्न, "पाय धुतलेले होते का?"