विदारक!

मित्राच्या डॉक्युमेंटरीला तिकीट नसतं, पण बाहेर पडताना दारात टोलनाका असतो. तिथे दिग्दर्शक स्वतः उभा राहून "कशी वाटली, खरं सांग" म्हणतो, आणि खरं सोडून नेमकं काय सांगायचं ते आपल्याला सुचत नाही.

यावेळचा विषय ऊसतोड कामगार. पुण्यात प्रिव्ह्यू, वेळ सहाची. प्रमुख पाहुणे सव्वासातला उगवले, तोवर मी फुकटचा दोन कप गोड चहा ढोसला आणि मग एसीच्या थेट झोतात दीड तास बसलो, म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या, उठावं तर रांगेतल्या अकरा जणांचे गुडघे ओलांडायचे आणि पडद्यावर तर बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतेय, अशा वेळी कुठल्या तोंडाने उठणार?

त्यात सबटायटल्स. मुकादम सांगतो, "यंदा पन्नास कोयते नेले कारखान्यावर." आता कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्यावरच मिळते, एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. खाली इंग्रजीत आलं की हा पन्नास विळे घेऊन निघालाय. पुढच्या रांगेतल्या परदेशी बाई जरा सरकूनच बसल्या.

संपल्यावर माईक फिरला. पहिले गृहस्थ म्हणाले, "विदारक." दुसरे म्हणाले, "अत्यंत विदारक." माझाही शब्द तोच होता हो! मी घाईघाईत 'अंतर्मुख' शोधून ठेवला, तर तोही शेजारच्याने पळवला.

मग माईक गेला केजकडच्या मावशींकडे. पट्टा पडून, म्हणजे गाळपाचा हंगाम संपून, गावी परतलेल्या फिल्ममधल्या जोडप्याला सत्काराला बोलावलं होतं. मांडीवर शाल, शालीवर नारळ, आणि तो बुके कुठे ठेवायचा हे कोणी न सांगितल्यामुळे त्यांनी तो दीड तास वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढीसारखा काखेत धरलेला.

"चांगलंय," मावशी म्हणाल्या. "पर त्यो ऊस येवढा हळू का तोडतेत?"

दिग्दर्शकाने स्लो मोशन समजावलं. वेदना गडद होते वगैरे.

"आसंल," मावशी म्हणाल्या, "पर आसं तोडलं तर उचल कवा फिटायची? आन् रातच्याला गाडी भरताना येवढा उजेड कुटं आसतोय, त्यो लाईट तुमचाच व्हता. तुमी गेल्यावर परत ब्याटरी तोंडात धरूनच भरली की आमी."

हॉलमध्ये एसीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं.

दारात मित्र उभाच होता. "कशी वाटली? खरं सांग."

"मावशी म्हणाल्या तशी," म्हटलं, आणि टोल न भरता थेट बाथरूम गाठलं.