‘दिवस लहान झाला की सगळे प्राणी जास्त झोपतात’ : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘दिवस लहान झाला की सगळे प्राणी जास्त झोपतात, निसर्गाचं हे घड्याळ फक्त माणसानेच मोडलं’ असा मेसेज सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, पण ‘सगळे’ हा शब्द चुकीचा आहे.

तथ्य आधी. युरोपातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या मेंदूतले विद्युत संकेत नोंदवून केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात ते हिवाळ्यापेक्षा दररोज साधारण 5 तास कमी झोपतात. पौर्णिमेच्या रात्री तर आणखी 2 तास कमी!

आता रेनडिअर (बर्फाळ प्रदेशातलं हरीण) पाहा. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात उगवत नाही. तरी 2023 च्या अभ्यासात दोन्ही ऋतूंत त्यांची झोप जवळपास सारखीच भरली. रवंथ करताना त्यांच्या मेंदूत गाढ झोपेसारख्या लहरी दिसल्या, आणि जितका रवंथ जास्त तितकी नंतरची झोप कमी. (मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.) अलास्कातले पेक्टोरल सँडपायपर पक्ष्यांचे नर तर विणीच्या काळात अखंड उजेडात माद्यांमागे धावतात, एक नर तर 19 दिवस 95 टक्के वेळ जागा आढळला.

मेसेजमधला ‘मेलाटोनिन म्हणजे झोपेचं औषध’ हा भागही अर्धवट आहे. मेलाटोनिन हे शरीरातलं एक संप्रेरक (हार्मोन) रात्रीच स्रवतं, उंदरासारख्या निशाचरांतसुद्धा, आणि ते तर तेव्हा टक्क जागे असतात. रात्र किती लांब आहे, एवढं ते शरीराला कळवतं.

तो मेसेज आला तर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.