खदान संपली? मग मागे वळून पाहू नका!

आमच्या ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या घाटीगावकडच्या शेताला लागून एक दगडाची खदान होती. फरशी संपली, मालक गेला. या पावसात त्याचा ढिगारा सरकून आमचा बांध घेऊन गेला, तेव्हापासून या विद्येत मी पारंगत झालो आहे. खाणीचा पट्टा घेणाऱ्या पट्टेदारांनो, सल्ला फुकट आहे, घ्या.

वरची माती वेगळी राखायची नाही. चुरा, खरपे (दगडाच्या टाकाऊ कपच्या), माती, सगळं एकावर एक ओता.

ढिगाऱ्याचा उतार? डंपरने ओतला तसाच राहू द्या. सुटा दगड साधारण ३७ अंशांवर आपोआप थांबतो, पावसापर्यंत तरी. तो कापून २८ अंशांच्या आत आणायचा, मध्ये टप्पे काढायचे, पायथ्याशी दगडी भिंत घालायची, भोवती चर खणून पाणी वळवायचं, ही कामं पैसा जड झालेल्यांची.

पाणी साचलेल्या खड्ड्याला कुंपण नकोच. पोरांना पोहायला बरं पडतं.

वृक्षारोपण मात्र जरूर करा! बॅनर आधी, खड्डे नंतर. साहेबांच्या हस्ते गुलमोहर लावा, तोही थेट खरप्यांत, मुळाची काळी पिशवीसुद्धा न काढता. प्यायच्या बाटलीतलं पाणी शिंपडा, फोटो काढा, समोसे खा, निघा. आधी उतार बसवावा, मग माती पसरावी, पहिली एक-दोन वर्षं नुसतं गवत धरू द्यावं, हे कोणी सुचवलं तर त्याला विकासविरोधी म्हणा. आणि गुलमोहरच का हो? ग्वाल्हेरच्या खडकात करधई उगवते, धावड्याची बहीण, हवेत ओल आली की पालवते. पण ती नर्सरीत मिळत नाही ना! मग लावा गुलमोहर, बकऱ्यांनाही कळू दे शासन त्यांच्या पाठीशी आहे. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा लावता येतो, खणण्याचा खर्च वाचतो.

तक्रारदार आला तर त्याला पलीकडच्या कार्यालयात पाठवा. तिथले इकडे पाठवतील.

आता मला बोलू द्या. खाणकाम संपलं की त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून द्यायचं, ही अट पट्ट्यातच घाला, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० ला सांगितलंय. दगड विकताना डोंगर तुमचा, आणि खरपे आमचे? लाज वाटत नाही? पाऊस अजून संपलेला नाही. पोकलेन पाठवा, उतार कापा, आणि त्या पाण्याच्या काठाला आधी तार ओढा.