खंड्याला गाडी लागते

दत्तगुरू सकाळी काशीला स्नान करतात, दुपारी कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि रात्री माहूरला निजतात. तसबिरीत त्यांच्या पायाशी चार कुत्री असतात, म्हणजे तीही रोज हा दौरा करत असणार. त्यांतलं एकही वाटेत ओकल्याचं माझ्या वाचनात नाही. आमच्या एकुलत्या एका कुत्र्याला पुण्याहून गुहागरला न्यायचं ठरलं, तेव्हा मला दत्ताचा खरा अधिकार कळला.

खंड्या अस्सल गावठी. गाडीच्या मागे धावण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण आत बस म्हटलं की चारही पाय चार दिशांना फाकवून दारात अडकतो. त्याचं म्हणणं तसं बिनतोड होतं. आजवर तो त्या दारातून आत गेला, की उतरायचा तो थेट डॉक्टरांच्या पायरीशी. तिथे सुई टोचायची, थर्मामीटर लावायचा (कुठे, ते सांगत नाही) आणि परत यायचं. त्या गाडीत बसून लग्नाचे लाडू मिळतात यावर त्याने का विश्वास ठेवावा?

लग्न पुतणीचं, तेही मे महिन्यात. कुत्र्यांच्या पाळणाघराचे सुट्टीतले दर ऐकून नवरा म्हणाला, "त्यापेक्षा मीच तिथे राहतो, खंड्याला लग्नाला न्या."

डॉक्टरांनी रीतसर अभ्यासक्रम आखून दिला. आधी इंजिन बंद ठेवून गाडीत नुसतं बसायचं आणि खाऊ द्यायचा. मग इंजिन चालू, पण गाडी जागेवरच. मग सोसायटीला फेरी. मग त्याला आवडेल अशा एखाद्या ठिकाणी, म्हणजे गाडीचा शेवट सुईतच होतो हा त्याचा ग्रह जाईल.

त्यामुळे रोज संध्याकाळी आम्ही पार्किंगमध्ये गाडीची दारं उघडी टाकून बसू लागलो. मी मागे, हातात पनीरचे तुकडे. नवरा स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर ट्रॅफिकमध्ये अडकल्याचा भाव. खंड्या बाहेर. पहिल्या दिवशी वॉचमनने येऊन विचारलं, "ताई, बॅटरी उतरली का? धक्का मारू?" दुसऱ्या दिवशी त्याने काही विचारलं नाही, फक्त लांबून बघत राहिला. नंतर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "घरात सासूबाईंसमोर बोलता येत नाही का गं तुम्हाला?"

पनीरने अखेर काम केलं. खंड्या आधी दोन पाय आत टाकायला लागला, मग चारही, आणि एका संध्याकाळी मागच्या सीटवर आडवा झाला तो उतरेचना. तळजाईच्या टेकडीवर दोनदा नेल्यावर तर त्याला गाडी हे टेकडीचंच एक दार वाटू लागलं. फक्त वळण आलं की लाळ गळायची, आणि लाळेनंतर काय येतं ते सीटच्या कव्हरांना विचारा.

"गाडी लागते त्याला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच खंड्याबद्दल आपुलकी होती, कारण गाडी त्यांनाही लागते. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरंच सांगतात, म्हणून मळमळतं. पिल्लांना जास्त त्रास होतो. बऱ्याच जणांचा वयाबरोबर जातो. "माझी सत्तरी उलटली," सासूबाई म्हणाल्या, "कधी जायचा तो?"

इथून पुढे घरात दोन वैद्यकं सुरू झाली. डॉक्टरांचं मत, निघण्याआधी पाच-सहा तास पोट रिकामं हवं, फक्त पाणी. सासूबाईंचं मत, रिकाम्या पोटी घाट चढू नये. डॉक्टर म्हणाले, डोकं खिडकीबाहेर काढू देऊ नका, डोळ्यांत कचरा जातो. सासूबाईंना खिडकी पूर्ण उघडीच लागते. डॉक्टरांनी उलटीची गोळी दिली, निघण्याच्या दोन तास आधी अर्धी. सासूबाईंनी आवळासुपारी, आल्याच्या वड्या आणि पोटावर धरायला वर्तमानपत्र काढलं. वर्तमानपत्र त्यांनी खंड्यासाठीही काढलं होतं. त्याने ते फाडलं.

सीटबेल्टचा प्रश्न मात्र लगेच सुटला. तो गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीवरच्या हार्नेसला अडकवायचा, म्हणजे करकचून ब्रेक लागला तर मानेला हिसका बसत नाही. मागच्या सीटवरही पट्टा बांधावा असा कायदा आहे, आणि आमच्या घराण्यात तो पाळणारा खंड्या पहिलाच.

पहाटे निघताना सासूबाईंनी सगळ्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. मी वळून बघेपर्यंत खंड्याने त्यांचा तळहात चाटून वर वाटीही साफ केली होती. "शकुनाला नाही म्हणू नये," त्या म्हणाल्या.

खंबाटकी, सातारा, उंब्रज. सगळे श्वास रोखून बसलेले. लाळेचा थेंबही नाही. पाटणला मिसळ पाळीपाळीने खाल्ली, कारण बाहेर ३५ अंश असले तर बंद गाडीत अर्ध्या तासात पन्नाशी ओलांडते आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. नवऱ्याची पाळी आली तेव्हा तर्री संपली होती, त्याबद्दल तो चिपळूणपर्यंत बोलत होता.

कुंभार्ली घाटात खंड्या पाठीवर उताणा पडून घोरत होता. वळणागणिक त्याचे चारही पाय एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे कलत होते. पुढच्या सीटवर मात्र आवळासुपारी संपली, वड्या संपल्या, आणि तिसऱ्या वळणाला गाडी थांबवावी लागली. सासूबाई बाहेर जाऊन आल्या, चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि मागे वळून खंड्याच्या घोरण्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"ती उरलेली अर्धी गोळी," त्या म्हणाल्या, "कुठल्या कप्प्यात ठेवलीयेस?"