फिनाइलने घर चकाकतं, पिल्लू मरतं

‘नवीन पिल्लू घरी आणताय? डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत!’ असा सात कलमांचा मेसेज इंदूरच्या मराठी ग्रुपांमधून आठवडाभर गरगर फिरतोय. फिरेना का बापडा, म्हणून सोडून दिलं असतं. पण रामबागेतल्या आत्याकडे परवाच दोन महिन्यांचं मांजराचं पिल्लू आलंय आणि तिने मेसेजबरहुकूम सियागंजातून फिनाइलचा पाच लिटरचा कॅन मागवलाय. तेव्हा आता बोलायलाच हवं.

पहिलं कलम हेच: ‘दिवसातून दोनदा फिनाइलने फरशी पुसा, सगळे जंतू मरतील.’ स्वच्छतेत देशात पहिला नंबर लावणाऱ्या शहराला हे लगेच पटणार, त्यात नवल नाही. पण काळ्या फिनाइलमध्ये डांबरातून निघणारी फिनॉलवर्गीय द्रव्यं असतात. आपलं यकृत ती एका ठराविक प्रक्रियेने निकामी करून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ती प्रक्रिया जवळजवळ नसतेच. पांढरं फिनाइल पाइन तेलाचं म्हणून सौम्य, हाही गैरसमज. मांजराला तेही बाधतं. पिल्लाला बाटलीला तोंड लावायचीसुद्धा गरज नाही. ते ओल्या फरशीवरून चालतं, कोपऱ्यात बसतं आणि पंजा फाकवून बोटांच्या मधली जागा चाटून साफ करतं. फरशीवरचं सगळं पोटात. मग लाळ गळते, जिभेवर फोड येतात, खाणं सुटतं, चाल लटपटते. त्यात आपल्याकडे ‘वास आला पाहिजे’ म्हणून सांगितल्याच्या दुप्पट ओतायची पद्धत!

बरं, एवढं करून जंतू तरी मरतात का? कुत्र्याच्या पिल्लांचा खरा काळ म्हणजे पार्व्हो. त्या विषाणूला फिनाइलने काही होत नाही आणि तो घरात महिनोन्‌महिने टिकतो. त्याला लागतं ब्लीच, आणि तेही रीतसर. आधी साबणाच्या पाण्याने फरशी घासून घ्या, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. मग पाच टक्क्यांच्या आसपासचं साधं ब्लीच लिटरभर पाण्यात ३० मिलिलिटर, फरशी १० मिनिटं ओली राहू द्यायची, नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने पुसायची. पूर्ण सुकेपर्यंत पिल्लू दुसऱ्या खोलीत. संडासचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि तो माणसालाही सोडत नाही. हा सगळा कुटाणाही घरात आधी पार्व्होचं पिल्लू होतं तरच. एरवी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात. पार्व्होपासून वाचवते ती लस: सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात, मग पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुढचे डोस. ते पूर्ण होईतो गल्लीतली कुत्री फिरतात तिथे पिल्लाला खाली सोडायचं नाही, उचलून न्यायचं.

यकृताच्या त्याच उणिवेमुळे पाचवं कलम तर सरळ जीवघेणं आहे: ‘ताप आल्यास पॅरासिटामॉलची पाव गोळी.’ ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग म्हणजे १२५ मिलिग्रॅम. मांजरांत किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम किलोभर भरतं. हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. मांजराला ही गोळी द्यायचीच नाही. पाव नाही, चिमूटभरही नाही.

‘मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवर पडतं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, जाळीचा खर्च कशाला?’ यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य. अंग वळवून पायांवर उतरायची क्षमता मांजरात असते. पण पिल्लात ती सहा-सात आठवड्यांनंतर कुठे पक्की होते. आणि ‘सिद्ध केलंय’ म्हणतात ते कुठून आलं? १९८७ साली न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या दोन पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के जगली. मेसेज इथेच थांबतो. त्याच अभ्यासात जवळजवळ तेवढ्यांनाच छातीला मार होता, शिवाय टाळू फाटणं, दात आणि पाय मोडणं. आणि ही सगळी दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं. खाली पडून जागीच गेलेल्याला दवाखान्यात कोण नेतं?

तेव्हा निपानिया-बायपासच्या टॉवरांत राहणाऱ्यांनी जाळी बसवावीच, पण नीट बघून. कबुतरांच्या नायलॉन जाळीची भोकं साधारण दोन इंचांची असतात. पिल्लाचं डोकं गेलं की अंगही जातं. तारांच्या ‘इनव्हिजिबल ग्रिल’मध्येही तेवढीच फट, कधी जास्त. एक इंच किंवा त्याहून बारीक भोकांची वेल्डेड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची) जाळी घ्या, चारही बाजूंनी फ्रेमला स्क्रूने कसा, खालची फट विसरू नका. चिकटपट्टीची मच्छरदाणी जाळी नाही, ती धक्क्याने सुटते.

कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवल्या की पिल्लू तिथे शू करत नाही म्हणे. ते गोळीशी खेळतं आणि गिळतं. त्यातल्या नॅफ्थलीनने तांबड्या रक्तपेशी फुटतात. बेसिनमधल्या गोळ्याही आजच काढा.

वायरींचं मात्र मेसेजवाला बरोबर बोलतोय, धोका खराच. पण उपाय काय, तर तिखट चोळा! ते पहिल्यांदा हुंगताच डोळ्यांत-नाकात जाणार आणि दोन दिवसांत उडून जाणार. केसिंग-पट्टी मारा, लोंबत्या वायरी पीव्हीसी पाइपात घाला, आणि मेनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना ते बघा; नुसत्या एमसीबीने शॉकपासून बचाव होत नाही. पिल्लू वायरीला चिकटलं तर आधी मेन बंद, मग हात.

‘पिल्लाला गाईचं दूध आणि पोहे घाला’ हेही एक कलम. गाईचं दूध विष नाही, पण पुष्कळ पिल्लांना त्याने जुलाब होतात. पोहे नकोतच: मांजराला किलोमागे पाच ग्रॅम कांदाही घातक, आणि शिजवल्याने त्यातलं विष जात नाही.

सातवं कलम: ‘काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा.’ अजिबात नाही. मिठाने रक्तातलं सोडियम चढून झटके येतात, आणि फिनाइल वर येताना घसा पुन्हा भाजतं, फुफ्फुसात शिरतं. पंजे आणि अंग कोमट पाण्याने, भांड्यांच्या लिक्विडने धुवा, चाटू नये म्हणून टॉवेलात गुंडाळा, बाटलीच्या लेबलचा फोटो काढा, किती आणि केव्हा ते लिहून घ्या आणि निघा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रात्री दोनला वीस-पंचवीस किलोमीटर कापण्यापेक्षा घराजवळचा रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच फोन करून विचारून ठेवा.