मावशी, त्या बोटीखाली कुणी नाही

मावशी पुढच्या महिन्यात लेकीकडे कॅलिफोर्नियाला चाललीय. डिस्नेलँडची तिकिटं काढून झालीत. परवा फोनवर म्हणाली, "त्या चाच्यांच्या बोटीत मी नातवाला बसवणार नाही. खाली मढं आहे." नातू सात वर्षांचा. त्यालाही हे सांगून झालंय, आणि पोरगं आता रात्री दिवा मालवू देत नाही. मग तिने पुरावा म्हणून तो फॉरवर्ड मला पाठवला. आता बोलणं भाग आहे.

फॉरवर्ड म्हणतो, डिस्नेलँड उभारणाऱ्या वॉल्ट डिस्नीचा देह गोठवून 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या चाच्यांच्या बोटीच्या राइडखाली ठेवलाय, विज्ञान पुढे गेलं की त्याला उठवणार. डिस्नी गेला १५ डिसेंबर १९६६ ला, बरबँकच्या सेंट जोसेफ हॉस्पिटलमध्ये. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर १७ डिसेंबरला दहन झाल्याची नोंद आहे. अस्थी ग्लेनडेलच्या फॉरेस्ट लॉन स्मशानभूमीत आहेत. दहन झालं, मावशी. राख कुणी फ्रीजमध्ये ठेवत नाही. आणि पुन्हा उठवायच्या आशेने गोठवलेला पहिला माणूस म्हणून ज्याची नोंद आहे, तो जेम्स बेडफर्ड नावाचा मानसशास्त्राचा प्राध्यापक. तारीख १२ जानेवारी १९६७. म्हणजे डिस्नीचं दहन होऊन सव्वीस दिवस उलटले होते. मग ही वावडी त्याच राइडला का चिकटली असावी? ही राइड डिस्नीच्या देखरेखीखाली बनत होती आणि सुरू झाली मार्च १९६७ मध्ये, तो गेल्यावर तीन महिन्यांनी. एवढ्या अंतरात लोकांनी प्रेत बसवलं.

पण मला खरा राग आला तो पुढच्या वाक्याचा: "बोट अंधारात दोनदा खाली का घसरते? विचार करा!" केला विचार. डिस्नेलँडभोवती मातीचा उंच बांध आहे आणि त्यावरून पार्कची आगगाडी फिरते. आत जागा अपुरी, म्हणून चाच्यांचे देखावे ज्या मोठ्या इमारतीत आहेत ती बांधाच्या बाहेर बांधली. बोटीला तिथं जायचं तर रुळांखालून जावं लागतं, त्यासाठी ती खाली उतरवली. शेवटी तीच बोट साखळीने चढावावरून वर ओढून आणतात. रेल्वेखालच्या भुयारी मार्गाने आपण रोज जातो, तिथं कधी मढं शोधलं नाही.

"आतली हाडं खरी आहेत." बरं, हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. राइड बांधताना तेव्हाचे नकली सांगाडे कारागिरांना पटेनात, म्हणून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागातून खरे सांगाडे आणले होते. पुढे चांगले नकली बनायला लागले तसे ते बदलले. एखादी कवटी अजून खरी आहे असं सांगणारे आहेत. असली तरी ती डिस्नीची नव्हे.

"डिस्नीने मरताना बजावलं होतं, काहीही बदलू नका, म्हणून ही राइड आजवर जशीच्या तशी आहे, आणि 'स्प्लॅश माउंटन' मोडल्याचा शाप लागणार." 'स्प्लॅश माउंटन' ही तिथलीच दुसरी राइड उघडली १९८९ मध्ये, डिस्नी जाऊन बावीस वर्षं उलटल्यावर. त्याच जागी २०२४ मध्ये टियानाची, म्हणजे डिस्नीच्याच सिनेमातल्या राजकन्येची, राइड आली. चाच्यांच्या राइडमध्ये बायकांमागे धावणारे चाचे १९९७ मध्ये खाण्यामागे धावायला लागले, २००६ मध्ये सिनेमातला जॅक स्पॅरो घुसला, २०१८ मध्ये नवरी-लिलावाचा देखावा बदलून तिथली लाल केसांची बाई स्वतःच चाचा झाली. याला जशीच्या तशी म्हणायचं? खुद्द डिस्नीच्या हयातीत नोव्हेंबर १९५५ ला सुरू केलेली सर्कस पुढच्या जानेवारीत गुंडाळली, हवेवर तरंगणाऱ्या तबकड्या १९६१ ते १९६६ एवढ्याच टिकल्या. जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर डिस्नेलँड पूर्ण होणार नाही, असं तोच म्हणायचा.

"दहा जणांना पाठवा" याला उत्तर नाही.

मावशी, नातवाला एवढंच सांग: आत बाहुले आहेत, ते यंत्रावर हलतात. अंधारात दोनदा पोटात गोळा येईल, तो उतारामुळे. आणि त्याला पुढच्या बाकावर बसवलंस तर टॉवेल घे, पाणी उडतं.